अर्धा मणी खाली

कापड विणायचं तर उभा आणि आडवा असे दोन दोरे लागतात. ताणा आणि बाणा एकमेकांना अडवून धरतात, म्हणून कापड टिकतं. मण्यांच्या एका विणीत मात्र ताणा नसतो आणि मागही नसतो. एक सुई, एक दोरा आणि काचेचे टणक तुकडे एवढ्यावर बोटांभोवती गुंडाळता येईल असं मऊ पटल तयार होतं. अमेरिकेत या विणीला पेयोटी स्टिच म्हणतात, आणि तिच्याच एका रूपाला गोर्ड स्टिच. हे कसं जमतं याचं उत्तर एका छोट्या गोष्टीत आहे. शेजारी-शेजारी बसलेले दोन मणी एका पातळीत नसतात. एक मणी दुसऱ्यापेक्षा अर्ध्या उंचीने खाली असतो.

मणी हाताशी असतील तर करून पाहा. बारा मणी ओवा. तेरावा मणी सुईवर घ्या, बारावा सोडून द्या आणि अकराव्यातून सुई उलट दिशेने न्या. दोरा ओढला की तेरावा मणी बाराव्याच्या अंगावर जाऊन बसतो. मग चौदावा घ्या, दहावा सोडा, नवव्यातून जा. असं टोकापर्यंत गेलं की सहा नवे मणी बसलेले असतात. सुरुवातीची सरळ माळ आता सरळ राहिलेली नसते. तिचे बारा मणी एक वर, एक खाली असे सरकून दोन ओळींत वाटले गेलेले असतात. पुढची ओळ सोपी, कारण वर आलेला मणी आणि त्याच्या शेजारची रिकामी जागा डोळ्यांना स्पष्ट दिसते. प्रत्येक जागेत एक मणी भरायचा आणि पुढच्या उंच मण्यातून सुई काढायची. शिकणाऱ्याची खरी कसोटी पहिल्या तीन ओळींतच असते. त्या वेळी मणी गोल फिरतात, पीळ पडतो, वर कुठला आणि खाली कुठला ते कळत नाही. म्हणून पहिल्या दोन ओळींना एकाआड एक असे दोन रंग घ्यावेत. मग चूक झाली तर ती रंगातच दिसते.

दोरा प्रत्येक मण्यातून निदान दोनदा जातो. एकदा तो मणी बसवताना, आणि दुसऱ्यांदा त्याच्या दोन्ही बाजूंना पुढच्या ओळीचे मणी बसतात तेव्हा. या दुसऱ्या फेरीत तो मणी वरच्या ओळीला बांधला जातो. त्यामुळे दोरा आडवाच जात असला तरी वीण उभीही जोडली जाते. ताण्याचं काम मण्यांची अर्धी सरक करते.

ओळ मोजतानाही ही सरक ध्यानात ठेवावी लागते. प्रत्येक ओळ एकाआड एका स्तंभातच मणी टाकते, त्यामुळे दोन ओळी झाल्या की पटल एका मण्याने वाढतं. उभं मोजलं तर ओळी निम्म्याच भरतात. जाणते लोक तिरपं मोजतात.

आता थोडी भूमिती, कारण मला या विणीतली सगळ्यात सुंदर गोष्ट तिथेच दिसते. मागावर केलेल्या मणीकामात मणी चौकटीच्या वहीसारखे बसतात आणि प्रत्येकाला लगतचे चार शेजारी असतात. अर्ध्या मण्याच्या सरकेमुळे शेजारी सहा होतात. एक वर, एक खाली आणि चार तिरपे. हे सहाही शेजारी सारख्या अंतरावर यायचे असतील तर मण्याची लांबी त्याच्या व्यासाच्या 0.866 पट हवी. म्हणजे तीनच्या वर्गमुळाच्या निम्मी. जपानमधल्या मियुकी कंपनीचे डेलिका नावाचे नळीसारखे मणी या कामात फार वापरतात. त्यातल्या 11 नंबरच्या मण्याचा व्यास साधारण 1.6 मिलिमीटर आणि लांबी 1.3 मिलिमीटर असते. गुणोत्तर येतं 0.81. वरचा-खालचा शेजारी 1.6 मिलिमीटरवर, तिरपे चौघे सुमारे 1.53 मिलिमीटरवर. म्हणजे या विणीत मणी जवळजवळ षट्कोनी जालकात बसतात, सपाट पृष्ठावर सारख्या गोट्या दाटीने ठेवल्या तर त्या ज्या रचनेत बसतील तशाच. एका चौरस सेंटिमीटरमध्ये 48 मणी मावतात.

नक्षीवर याचा थेट परिणाम होतो. तिरप्या रेषा सुमारे 32 अंशांच्या उतारावर गुळगुळीत उतरतात, उभ्या रेषा सरळ येतात, पण आडवी रेषा दातेरीच दिसते. नेहमीच्या चौकटीच्या कागदावर काढलेलं फूल या विणीत आणलं तर त्याचा आकार बिघडतो. म्हणून या कामाचे आलेखकागद वेगळे असतात, त्यांच्यावरचे चौकोन अर्ध्याने सरकवलेले.

पटल कुठे वाकतं हेही मण्यांच्या दिशेवर ठरतं. मण्यांची भोकं ज्या दिशेला, त्या दिशेला समांतर अशी गुंडाळी सहज होते, बांबूच्या काड्यांची चटई गुंडाळावी तशी. काड्यांच्या लांबीत वाकवायला गेलं तर ताठपणा जाणवतो. मनगटावरचा पट्टा करताना ओळी आखूड आणि पट्टीच्या रुंदीत घेतात त्या यासाठी.

ही वीण आज ज्या नावाने ओळखली जाते, ते नाव अमेरिकेच्या मूलनिवासींच्या उपासनेतून आलं आहे. पेयोटी हे टेक्सासचा दक्षिण भाग आणि उत्तर मेक्सिको इथे वाढणारं, काटे नसलेलं बुटकं निवडुंग. शास्त्रीय नाव लोफोफोरा विल्यमसी. त्यातलं मेस्कलीन हे रसायन जर्मन शास्त्रज्ञ आर्थर हेफ्टर यांनी 1897 मध्ये वेगळं केलं. निवडुंगाचा पवित्र वापर मात्र त्याच्या फार आधीपासूनचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कायोवा, कोमांची आणि इतर जमातींमध्ये रात्रभर चालणारी एक प्रार्थनापद्धती रुजली. तिच्या प्रसारात कोमांचींचे नेते क्वाना पार्कर यांचा मोठा वाटा होता. 1918 मध्ये ओक्लाहोमात नेटिव्ह अमेरिकन चर्च या नावाने तिची नोंदणी झाली. प्रार्थनेत पाणी भरलेला ढोल, पिसांचा पंखा, काठी आणि वाळवलेल्या छोट्या भोपळ्याचा, म्हणजे इंग्रजीतल्या गोर्डचा, खुळखुळा असतो. पंख्याच्या आणि खुळखुळ्याच्या मुठी बारीक मण्यांनी मढवतात, आणि ते मढवणं या विणीत होतं.

या उपासनेला बराच काळ कायद्याशी झगडावं लागलं. पेयोटी घेतल्याबद्दल नोकरी गेलेल्या दोघांच्या दाव्यात 1990 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. त्यावर मोठी खळबळ झाली, आणि 1994 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मूलनिवासींच्या धार्मिक वापराला संरक्षण मिळालं. निवडुंग स्वतःही आज सुरक्षित नाही. ते फार सावकाश वाढतं, आणि निसर्गसंवर्धनाच्या जागतिक यादीत ते असुरक्षित गटात आहे.

अनेक मूलनिवासी कारागीर पेयोटी हे नाव उपासनेच्या वस्तूंवरच्या कामापुरतंच राखतात आणि इतर सगळ्याला गोर्ड स्टिच म्हणतात. बाहेरच्या माणसाने हा संकेत पाळावा असं मला मनापासून वाटतं. तंत्र शिकायला कुणाची हरकत नाही, पण कानातल्या डुलांना प्रार्थनेचं नाव लावताना ते कुणाचं आहे हे ठाऊक हवं. आणखी एक गल्लत नेहमी होते. मेक्सिकोतले हुइचोल लोक पेयोटीला पवित्र मानतात आणि भोपळ्याच्या वाडग्यांवर झगमगीत मणीकाम करतात, पण ते मणी ओवलेले नसतात. वाडग्याला मधमाश्यांच्या मेणाचा थर देऊन त्यात एकेक मणी दाबून बसवलेला असतो.

गोर्ड स्टिचच्या मूळ पद्धतीत सरक अर्ध्याची नसून तिसऱ्या हिश्श्याची असते. पहिला मणी वर, दुसरा एक तृतीयांश खाली, तिसरा दोन तृतीयांश खाली, चौथा पुन्हा पहिल्याशी जुळतो. मुठीभोवतीच्या मण्यांची संख्या म्हणूनच तीनने भागली गेली पाहिजे. समजा मूठ 2 सेंटिमीटर जाडीची आहे आणि मणी वर सांगितलेल्या मापाचा. मण्यांच्या मध्यातून मोजलेला घेर सुमारे 68 मिलिमीटर येतो आणि त्यात 52 मणी बसतात. बावन्न चालत नाहीत. 51 घेतले तर दीड मिलिमीटरची फट राहते, 54 मावत नाहीत. अशा वेळी लाकडाभोवती जेमतेम 0.4 मिलिमीटर जाडीचं कातडं चढवलं की 54 नेमके बसतात. मुठीला आधी मऊ हरणाचं कातडं मढवण्याची जी रीत आहे, तिच्यामुळे मण्यांना पकड मिळते आणि हा हिशोबही जुळवता येतो.

या तिसऱ्या हिश्श्यामुळे एक खोल फरक पडतो. अर्ध्याच्या विणीला आरसा दाखवला तर प्रतिबिंब मुळासारखंच दिसतं. तिसऱ्या हिश्श्याच्या विणीचं तसं नाही. उजवीकडे एक स्तंभ सरकलं की मणी एक तृतीयांश उतरतो, आणि डावीकडे सरकलं तर उतार दोन तृतीयांशाचा पडतो. आपल्या मापाने एका बाजूचा उतार सुमारे 22 अंशांचा, दुसऱ्या बाजूचा 39 अंशांचा. उजव्या आणि डाव्या हाताच्या पंजांत जो भेद आहे तोच इथे आहे, रसायनशास्त्र ज्याला कायरलता म्हणतं. मूठ फिरवली की नक्षी चक्राकार चढताना दिसते ती यामुळे. आणि अशा एकीकडे झुकलेल्या जालकावर दोन्ही बाजूंनी समतोल दिसणारी पिसाची नक्षी उमटवणं किती अवघड असेल, हे एकदा उतारांचे आकडे मांडले की कळतं. त्या कारागिरांनी हे हातांनी आणि नजरेने साधलं.

नळी विणताना सम आणि विषम संख्येचाही प्रश्न येतो. अर्ध्याच्या विणीत घेराचे मणी सम असतील तर प्रत्येक फेरी स्वतःशी मिळते. मग पुढची फेरी सुरू करायला त्याच फेरीच्या पहिल्या मण्यातून सुई वर काढावी लागते. शिकणारे नेमके हेच विसरतात आणि नळी एका जागी अडकून बसते. विषम संख्या घेतली तर फेरी कधीच मिळत नाही. शेवट सुरुवातीपेक्षा अर्ध्या मण्याने सरकलेला असतो आणि वीण न थांबता मळसूत्रासारखी चढत राहते. आपल्या पेशींतल्या सूक्ष्मनलिकांमध्ये हीच अडचण आहे. प्रथिनांच्या साधारण 13 उभ्या साखळ्या गोलाकार जुळून ती नळी बनते. एक वेढा पूर्ण झाल्यावर दोन प्रकारचे घटक आपापल्या जोडीदाराशी जुळत नाहीत, आणि त्या जागी नळीला एक शिवण राहते. कार्बनच्या नॅनोनळीतही षट्कोनी पत्रा गुंडाळताना किती सरकवून जोडला यावर ती धातूसारखी वीज वाहील की अर्धवाहक होईल, हे ठरतं.

सपाट पटल घुमटाकार करायचं तर दर फेरीत काही जागी दोन मण्यांऐवजी एकच घालतात, म्हणजे कडेचा घेर आवळतो. उलट एका जागेत दोन मणी घातले की कड गरजेपेक्षा लांब होते आणि झालरीसारखी लहरते. गणितात याला ऋण वक्रता म्हणतात. डायना टाइमिना यांनी 1997 मध्ये अशी वक्रता असलेलं पृष्ठ क्रोशाने विणून गणिताच्या विद्यार्थ्यांच्या हातात दिलं. मण्यांनीही ते तितकंच नीट होतं.

मण्यांच्या मापाबद्दल सांगायचं तर त्यांच्या जन्माकडे बघावं लागतं. वितळलेल्या काचेच्या गोळ्यात हवा भरतात आणि तो ओढून लांबच लांब नळी करतात. नळी बारीक होत जाते तसं भोकही त्याच प्रमाणात बारीक होतं. मग तिचे तुकडे करून पुन्हा तापवून कडा गोल करतात. तामिळ किनाऱ्यावरच्या अरिकमेडूला ओढीव काचेचे मणी दोन हजार वर्षांपूर्वी होत होते, आणि आंध्रातल्या पापनायुडुपेटला ती पद्धत विसाव्या शतकापर्यंत टिकली. व्हेनिसने 1291 मध्ये आपल्या भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या. पुढे तिथले आणि बोहेमियातले मणी व्यापाऱ्यांबरोबर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात पोचले. तिथल्या बायका त्याआधी साळिंदराचे काटे रंगवून भरतकाम करत, आणि त्या हातांनी काच लवकर आपलीशी केली. काचेत निळा रंग कोबाल्टने येतो. तांबं भट्टीत भरपूर हवा असेल तर आकाशी रंग देतं, हवा तोडली तर लाल. गुलाबी मण्यांतल्या काहींत चक्क सोनं असतं.

सुरुवात करणाऱ्याने पुण्याच्या रविवार पेठेत किंवा मुंबईच्या भुलेश्वरला मणी घेताना पुडी उजेडात धरून पाहावी. मंगळसूत्राच्या पोतीत ओवायचे काळे मणी सुंदर दिसतात, पण त्यांची लांबी कमीजास्त असते. पोतीत ते खपून जातं. या विणीत मात्र एक जाड मणी शेजारच्यांना ढकलतो आणि दहा ओळींनंतर पटलाला फुगा येतो. म्हणून मणी ताटलीत पसरून आधी निवडून घ्यावेत, फार जाड आणि फार चपटे बाजूला काढावेत. सरावासाठी थोडे मोठे मणी, बारीक सुई, आणि मेणातून ओढलेला नायलॉनचा दोरा पुरतो. मेणामुळे दोरा भोकात घट्ट धरून राहतो आणि ओढलेला ताण पुढचा टाका घालेपर्यंत सुटत नाही. सुई आधी घातलेल्या दोऱ्याला छेदून जाणार नाही याकडे लक्ष ठेवावं, नाहीतर पुढे ओळ उसवायची वेळ आली तर दोरा मागे निघत नाही.