चिनी नववर्षाचे पूर्वसंध्या-भोजन

चिनी चांद्र-सौर पंचांगातील वर्षाच्या अखेरच्या रात्री कुटुंबातील सर्वांनी एकत्र बसून घ्यावयाच्या जेवणास ‘न्येन-ये-फान’ म्हणतात. वर्षारंभ २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांदरम्यान येत असल्याने हे भोजन ऐन हिवाळ्यात होते. पुढील पंधरा दिवसांत दिवे, फटाके, सिंहनृत्य असे पुष्कळ काही असले, तरी सण खऱ्या अर्थाने साजरा झाला की नाही, हे या एका जेवणाला घरातले कोण कोण पोहोचले यावरून ठरते. कामधंद्यासाठी दूर गेलेली माणसे त्यासाठी गावी परततात आणि सुमारे ४० दिवस चीनमधील रेल्वेगाड्या व रस्ते प्रवाशांनी ओसंडून वाहतात.

तयारीची सुरुवात बाराव्या महिन्याच्या आठव्या दिवशी तांदूळ, कडधान्ये, सुकी बोरे आणि सुकामेवा एकत्र शिजवून केलेल्या ‘लाबा’ पेजेने होते. उत्तर चीनमध्ये याच दिवशी सोललेल्या लसणाच्या पाकळ्या व्हिनेगरमध्ये बुडवून बरणी थंड जागी ठेवतात; सणापर्यंत त्या हिरव्यागार होतात आणि त्यांचा तिखटपणा बराच उतरतो. त्याच महिन्याच्या तेविसाव्या दिवशी, दक्षिणेत बहुधा चोविसाव्या, चूलदेवाची पाठवणी असते. वर्षभर चुलीजवळ लावलेल्या त्याच्या कागदी चित्राच्या ओठांना मोड आणलेल्या धान्यापासून केलेली चिकट मिठाई फासून ते जाळतात. स्वर्गातील सम्राटापुढे त्याने घरातल्यांविषयी गोडच बोलावे, ही त्यामागची भावना असते. त्यानंतर घर झाडून-पुसून दारांवर लाल कागदावरील द्विपदी चिकटवल्या जातात.

अखेरच्या दिवशी पहिला मान पूर्वजांचा असतो. त्यांच्यापुढे अन्न, मद्य आणि धूप ठेवल्यावरच घरातली माणसे जेवायला बसतात. जियाओझी (सारण भरून उकडलेल्या कणकेच्या छोट्या करंज्या) हाच चीनचा नववर्षाचा पदार्थ, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते एकांगी आहे. ती गव्हाच्या उत्तरेची रीत होय. कणकेच्या छोट्या पाऱ्या लाटून त्यांत डुकराच्या मांसाचा खिमा व चिनी कोबी यांचे सारण भरतात आणि कडा चिमटीने दाबून जुन्या चांदीच्या लगडीसारखा आकार देतात. एक लाटतो, दुसरा भरतो, मुले मांडून ठेवतात. हे काम सगळे घर मिळून करते आणि मध्यरात्रीच्या सुमारास जियाओझी उकळत्या पाण्यात सोडल्या जातात. एखादीत नाणे दडवलेले असते. ते ज्याच्या घासात येईल त्याचे वर्ष भरभराटीचे जाईल असे मानतात. भाताच्या दक्षिणेत मात्र चिकट तांदळाच्या पिठाचा ‘न्येनगाओ’ महत्त्वाचा, तर कँटनी (दक्षिणेकडील ग्वांगडाँग प्रांतातल्या) घरांत सबंध शिजवलेली कोंबडी हवीच. मासा बहुतेक सर्वत्र असतो. ‘मासा’ आणि ‘शिल्लक’ यांचे चिनी उच्चार सारखे असल्याने तो सगळा न संपवता काही भाग मुद्दाम उरवतात.

जेवणानंतर वडीलधारी माणसे मुलांना लाल पाकिटातून पैसे देतात आणि जागरण सुरू होते. पहिल्या दिवशी केर काढत नाहीत, कारण त्याबरोबर घरातले भाग्य बाहेर जाईल अशी समजूत आहे. विवाहित मुली बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशी पती व मुलांसह माहेरी जातात, म्हणजे पूर्वसंध्येचे जेवण रूढीने सासरचेच ठरते. एकुलत्या एका मुलीच्या आईवडिलांना ही रूढी फार जड जाते, म्हणून आज कित्येक जोडपी आलटून-पालटून दोन्ही घरी जातात.

१९१२ मध्ये प्रजासत्ताकाने ग्रेगोरियन पंचांग स्वीकारल्यावर या सणाला ‘वसंतोत्सव’ हे नाव मिळाले. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, १९६७ मध्ये, त्याची सुट्टीही रद्द झाली होती, पण घरगुती भोजन टिकून राहिले. स्थलांतरितांनी ते परदेशीही नेले. मुंबईत माझगावच्या चिनी मंदिरात नववर्षानिमित्त शहरातील चिनी कुटुंबे दर्शनाला येतात. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने वसंतोत्सवाचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. खुद्द चीनमध्ये मात्र २०१४ पासून पूर्वसंध्येचा दिवस अधिकृत सुट्टीत नव्हता, त्यामुळे अनेकांना कामावरून धावतपळत घर गाठावे लागे. लोकांच्या दीर्घ नाराजीनंतर २०२५ पासून तो पुन्हा सुट्टीत धरला जाऊ लागला.