डेटनचं कोर्ट आणि १९२५ चा खटला

कायद्याने बंदी असताना शाळेत उत्क्रांती शिकवली म्हणून जॉन स्कोप्स या शिक्षकावर चाललेला खटला बहुतेकांना ऐकून माहीत असतो. तो जिथं चालला त्या इमारतीकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. खरं तर त्या खटल्याला जे वळण लागलं, त्यात इमारतीचा मोठा वाटा आहे.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातलं डेटन हे रे काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, कारभाराचं गाव. रेल्वे आली, कोळसा-लोखंडाचा धंदा बसला आणि काउंटीचा कारभार जुन्या वॉशिंग्टन गावातून इथं हलला. भरभराटीच्या त्या दिवसांत, १८९१ मध्ये, हे विटांचं कोर्ट उभं राहिलं. गोल कमानींच्या खिडक्या, कोपऱ्यावर घड्याळाचा उंच मनोरा आणि वरच्या मजल्यावर भलंमोठं न्यायदालन. एवढ्याशा गावासाठी हा थाट मोठाच होता. पुढं कारखाना बंद पडला, गाव ओसरलं. १९२५ मध्ये वस्ती जेमतेम १,८०० उरली होती. गावाचं नाव पुन्हा व्हावं म्हणूनच तिथल्या चार प्रतिष्ठितांनी औषधांच्या दुकानात बसून हा खटला मुद्दाम आपल्याकडे ओढवून घेतला, आणि एवढी गर्दी बसवायला ते जुन्या वैभवातलं दालन तयारच होतं.

जुलैचा उकाडा, खचाखच माणसं, थेट प्रक्षेपणासाठी शिकागोच्या रेडिओ केंद्राने मांडलेले मायक्रोफोन. एवढा भार वरच्या मजल्याच्या जमिनीला पेलवेल का, ही धास्ती न्यायाधीश जॉन रॉल्स्टन यांना वाटू लागली. २० जुलैला त्यांनी कामकाज बाहेर हिरवळीवर हलवलं. तिथंच, झाडांच्या सावलीत, बचावाचे वकील क्लॅरेन्स डॅरो यांनी फिर्यादी बाजूच्या विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांची बायबलवरून गाजलेली उलटतपासणी घेतली. ज्युरीला ती ऐकू दिली नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी ती नोंदीतूनही काढून टाकली. जगाच्या लक्षात राहिली ती मात्र तीच.

स्कोप्सना १०० डॉलर दंड झाला. ५० डॉलरवरचा दंड ज्युरीनेच ठरवायला हवा, या मुद्द्यावर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये तो निकाल रद्द केला.

१९७६ मध्ये इमारतीला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. तळघरात खटल्याचं संग्रहालय आहे. आवारात ब्रायन यांचा पुतळा २००५ मध्येच बसला. डॅरो यांचा यायला २०१७ उजाडलं, आणि तेव्हाही काही स्थानिकांनी त्याला विरोध केला.