सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आणि पॉलिटेक्निकमधल्या नवीन कोर्सची मान्यता (महाराष्ट्र)

सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात किंवा पॉलिटेक्निकमध्ये आधी नसलेली ब्रांच सुरू करायची तर एकामागून एक बऱ्याच परवानग्या लागतात, त्या सगळ्यांना मिळून नवीन कोर्सची मान्यता म्हणतात. बोलताना लोक "एआयसीटीईचं (तांत्रिक शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचं) अप्रूव्हल आलं" एवढंच म्हणतात आणि कोर्स सुरू झाला असं धरून चालतात, पण सरकारी संस्थेत तेवढ्याने भागत नाही. हा कोर्स शिकवायची संस्थेची तयारी आहे का हे एआयसीटीई बघते, काय शिकवायचं आणि शेवटी सर्टिफिकेट कोण देणार हे युनिव्हर्सिटी किंवा तंत्रशिक्षण मंडळ ठरवतं, आणि शिकवणाऱ्याचा पगार कुठून येणार हे मंत्रालयात ठरतं. या शेवटच्या गोष्टीबद्दल सगळ्यात कमी लिहिलं जातं, आणि कोर्स धड चालणार की रखडणार हे बहुतेक वेळा तिथेच ठरतं.

एआयसीटीईचा भाग

एआयसीटीई, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद, स्थापन झाली नोव्हेंबर १९४५ मध्ये, पण तेव्हा ती नुसती सल्ला देणारी संस्था होती. १९८३ नंतर वसंतदादा पाटलांच्या काळात महाराष्ट्राने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, इतर काही राज्यांतही खासगी कॉलेजं भराभर निघाली आणि कुणीतरी देशपातळीवर लगाम धरणं गरजेचं झालं, मग १९८७ चा कायदा झाला आणि २८ मार्च १९८८ पासून परिषदेला वैधानिक अधिकार मिळाले. हा इतिहास इथे सांगायचं कारण असं की मान्यतेच्या नियमांवर खासगी कॉलेजांच्या प्रश्नांची छाप आहे: जागा कुणाच्या नावावर, ट्रस्टची कागदपत्रं, ठेव, फी. सरकारी संस्थेला यातलं बरंच लागूच पडत नाही आणि तिची जी खरी अडचण असते, मंजूर पदांची, ती फॉर्ममध्ये नीट उमटत नाही.

सगळे नियम परिषदेच्या अप्रूव्हल प्रोसेस हँडबुकमध्ये असतात. पूर्वी ते दरवर्षी नवीन यायचं, आता २०२४-२५ ते २०२६-२७ अशा तीन वर्षांसाठी एकच काढलंय, आणि त्याने कॉलेजांची दरवर्षीची धावपळ खरंच थोडी कमी झाली. चालू संस्थेला मान्यता पुढे वाढवून घ्यायला पोर्टलवर अर्ज करावा लागतो, ज्याला सगळे ईओए (एक्स्टेन्शन ऑफ अप्रूव्हल) म्हणतात, आणि नवीन ब्रांच किंवा जास्तीचा इनटेक, म्हणजे प्रवेशाच्या जागा, हव्या असतील तर तेही त्याच अर्जात मागतात. अगदी नवीन संस्था असेल तर तज्ज्ञांची समिती येऊन बघते, चालू संस्थेच्या बाबतीत मात्र बराचसा भार संस्थेने स्वतः भरलेल्या माहितीवर असतो, त्यामुळे ती माहिती प्रामाणिकपणे भरणं ही प्रिन्सिपल आणि एचओडींची मोठी जबाबदारी आहे.

मुख्य हिशोब शिक्षकांचा. डिग्रीला २० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक आणि डिप्लोमाला २५ मागे एक असं प्रमाण आहे. म्हणजे ६० जागांची डिग्रीची एक ब्रांच चारही वर्षं भरली की २४० विद्यार्थी आणि १२ शिक्षक, आणि त्यातही प्रोफेसर, असोसिएट आणि असिस्टंट यांचं प्रमाण १:२:६ असायला हवं. डिप्लोमाला ६० जागांची ब्रांच म्हणजे तीन वर्षांचे १८० विद्यार्थी, म्हणजे सात-आठ शिक्षक. थेट दुसऱ्या वर्षाला येणारी मुलं यात धरलेली नाहीत. आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

कोर्सचं नावसुद्धा मनाला येईल ते ठेवता येत नाही, परिषदेच्या यादीतलंच घ्यावं लागतं. हे क्षुल्लक वाटतं पण नाही. सरकारी भरतीच्या जाहिरातीत "सिव्हिल किंवा समतुल्य" असं लिहिलेलं असतं आणि वेगळ्या नावाची डिग्री घेतलेला मुलगा समतुल्यतेचं पत्र मिळवायला ऑफिसांच्या पायऱ्या झिजवतो. एआयसीटीईने २०१७ मध्ये मुख्य ब्रांच आणि त्यांच्याशी जुळणाऱ्या कोर्सची अधिसूचना काढली ती याच गोंधळामुळे, तरीही नवीन ब्रांचचं नाव निवडताना त्या नावावर पुढे नोकरीचा अर्ज चालेल का हा विचार संस्थेने आधीच करायला हवा असं माझं ठाम मत आहे.

सगळं काही एआयसीटीईकडे जात नाही हेही सांगायला हवं. २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर फार्मसीचे कोर्स फार्मसी कौन्सिलकडे आहेत, आर्किटेक्चर त्याच्या स्वतःच्या कौन्सिलकडे. आणि भारतीदासन युनिव्हर्सिटीच्या खटल्यात २००१ मध्ये कोर्टाने म्हटलं की युनिव्हर्सिटीला स्वतःचा तांत्रिक कोर्स काढायला परिषदेची आधी परवानगी घ्यायची गरज नाही, दर्जाचे निकष मात्र पाळावे लागतात. म्हणून १८५४ पासून चालत आलेलं पुण्याचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज सीओईपी २०२२ मध्ये स्वतंत्र युनिव्हर्सिटी झालं तेव्हा नवीन ब्रांच काढण्याच्या बाबतीत त्याची वाट बाकीच्या सरकारी कॉलेजांपेक्षा वेगळी झाली.

सिलॅबस आणि संलग्नता

डिग्रीसाठी ज्या युनिव्हर्सिटीशी कॉलेज जोडलेलं असतं तिची मान्यता लागते. लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झालं आणि पुढे त्याला राज्यभरातली कॉलेजं जोडून घ्यायचा अधिकार मिळाला, बाकीची आपापल्या भागातल्या युनिव्हर्सिटीला जोडलेली आहेत. सार्वजनिक विद्यापीठांना २०१६ चा कायदा लागू आहे आणि त्यात पाच वर्षांचा बृहत आराखडा करायची सोय आहे, म्हणजे कुठल्या भागात कशाची गरज आहे हे आधी ठरवायचं आणि मग परवानग्या द्यायच्या. कल्पना उत्तम आहे. सिलॅबस अभ्यास मंडळात तयार होतो आणि विद्या परिषदेत मंजूर होतो, त्याला आधार म्हणून एआयसीटीईचा २०१८ चा मॉडेल करिक्युलम आहे ज्यात चार वर्षांचे क्रेडिट १६० वर आणले. कराड, अमरावतीसारख्या स्वायत्त सरकारी कॉलेजांची स्वतःची अभ्यास मंडळं आहेत, त्यामुळे सिलॅबसचं काम तिथे घरच्या घरी होतं.

डिप्लोमाचं वेगळं. तो महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा, म्हणजे सगळे ज्याला एमएसबीटीई म्हणतात त्याचा, आणि मंडळाचा सिलॅबस राज्यभर एकच असतो. २०१७-१८ पासून आय स्कीम नावाचा सिलॅबस होता, २०२३-२४ पासून के स्कीम आली. त्यामुळे एखाद्या जिल्ह्याच्या पॉलिटेक्निकला आपल्या भागातल्या उद्योगासाठी मंडळाच्या यादीत नसलेला कोर्स हवा असेल तर तो आधी मंडळाने तयार करायला हवा, एकटं पॉलिटेक्निक काही करू शकत नाही. मुंबई, पुणे, नागपूर, अमरावती इथली सरकारी पॉलिटेक्निक स्वायत्त आहेत, त्यांना तेवढी मोकळीक आहे, आणि मला वाटतं ही मोकळीक अजून काही जुन्या चांगल्या पॉलिटेक्निकना द्यायला हवी.

पदं कुठून येणार

आता खरी गोष्ट. सरकारी संस्थेचा प्रस्ताव प्राचार्यांकडून विभागीय सहसंचालकांकडे जातो, तिथून मुंबईच्या तंत्रशिक्षण संचालनालयात, तिथून मंत्रालयात उच्च व तंत्र शिक्षण विभागाकडे. कोर्सला तत्त्वतः हो म्हणायला विभागाला फार अडचण नसते. पण वर सांगितलेले १२ शिक्षक, शिवाय लॅब असिस्टंट, वर्कशॉपचे लोक, क्लार्क यांची पदं नव्याने निर्माण करायची तर फाइल वित्त विभागाकडे जाते, उच्चस्तरीय सचिव समितीसमोर जाते, मंजुरी मिळाली तर जीआर निघतो, संस्थेचा आकृतिबंध, म्हणजे मंजूर पदांचा तक्ता, बदलतो, मग शिक्षकांच्या पदांचं मागणीपत्र एमपीएससीकडे जातं, मग जाहिरात, अर्ज, मुलाखती, शिफारस, नेमणूक. या प्रवासाला लागणारी वर्षं आणि एका डिप्लोमा बॅचची तीन वर्षं शेजारी ठेवून बघा, कित्येकदा पहिली बॅच बाहेर पडते तरी पहिला कायम शिक्षक आलेला नसतो.

म्हणून एक सोपी वाट निघते. कोर्सला मान्यता देताना शासनावर जादा आर्थिक भार पडणार नाही, नवीन पदं मागायची नाहीत अशी अट घातली जाते. कागदावर कोर्स उभा राहतो, प्रत्यक्षात तो तासिका तत्त्वावरच्या आणि कंत्राटी शिक्षकांवर चालतो, म्हणजे तासाप्रमाणे पैसे, सुट्टीत पैसे नाहीत, पुढच्या वर्षी परत बोलावतील याची खात्री नाही. हे लोक मन लावून शिकवतात, बरेचदा तेच कोर्स सांभाळतात, पण लॅब उभारणं, प्रोजेक्टला गाइड करणं, कंपन्यांशी बोलून इंटर्नशिप मिळवणं ही कामं वर्षानुवर्षं तिथे राहणाऱ्या माणसाची असतात आणि ती तासावारीने होत नाहीत.

दुसरी अडचण बाहेरच्या माणसाला पटकन दिसत नाही. सरकारी पद हे विषयाचं असतं, म्हणजे अधिव्याख्याता यंत्र अभियांत्रिकी, अधिव्याख्याता स्थापत्य, अधिव्याख्याता संगणक, प्रत्येकाची शैक्षणिक अर्हता वेगळी. समजा मेकॅनिकलच्या ६० जागा कमी करून त्याऐवजी आर्टिफिशियल इंटेलिजन्सच्या ६० घेतल्या, तर पोर्टलवर जागा सरळ इकडून तिकडे जातात, एकूण इनटेक तेवढाच राहतो, पण मेकॅनिकलची पदं मेकॅनिकलचीच राहतात. एका बाजूला कामाचे तास नसलेले अनुभवी लोक, दुसऱ्या बाजूला शिकवायला माणूस नसलेली भरलेली ब्रांच. जागा बदलायची परवानगी आणि पदं बदलायची परवानगी एकाच प्रस्तावात, एकाच वेळी द्यायला हवी, नाहीतर पहिली देऊच नये. इतकं साधं आहे हे, आणि यामुळे नुकसान होतं ते मुख्यतः त्या मुलांचं ज्यांना खासगी कॉलेजची फी परवडत नाही म्हणून ती सरकारीत आलेली असतात.

साहित्याचंही असंच. बजेट मार्चमध्ये, मान्यतेचं पत्र त्यानंतर, ॲडमिशन पावसाळ्यात, आणि खरेदीसाठी मंजुरी, मग सरकारी खरेदीचं जेम पोर्टल, मग माल येऊन डेडस्टॉकला, म्हणजे संस्थेच्या साहित्याच्या रजिस्टरला, नोंद होईपर्यंत वर्ष संपत आलेलं असतं. कॉम्प्युटरच्या ब्रांचचं निभावतं कारण आधीच्या लॅबमध्ये वेळा वाटून घेता येतात, मेकाट्रॉनिक्स किंवा ऑटोमेशनसारख्या ब्रांचला यंत्रंच नसतील तर प्रॅक्टिकल फळ्यावरच होतं.

कुठला कोर्स घ्यायचा

एआयसीटीईने नेमलेल्या बी. व्ही. आर. मोहन रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१८ च्या अखेरीस सांगितलं की देशात इंजिनिअरिंगच्या जागा गरजेपेक्षा जास्त आहेत, नवीन कॉलेजं थांबवा आणि एआय, डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी, रोबोटिक्स अशा विषयांवर भर द्या. त्यानुसार २०२०-२१ पासून नवीन इंजिनिअरिंग कॉलेजांवर बंदी आली, ती २०२३-२४ ला उठली. पुढे २०२४-२५ पासून चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी ब्रांचच्या इनटेकची वरची मर्यादाही काढली, आणि मग कॉम्प्युटरच्या जागा वाढत गेल्या. खासगी कॉलेज मागणी बघून ब्रांच बदलणार हे समजण्यासारखं आहे, पण सरकारी कॉलेजाने तेच करावं हे मला पटत नाही. धरणं, रस्ते, वीज, पाणीपुरवठा यांना लागणारी माणसं सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलमधून येतात, आणि त्या ब्रांच कमी फीमध्ये चांगल्या लॅबसकट चालवणं सरकारी संस्थेलाच जमतं.

२०२१ मध्ये एआयसीटीईने मराठीसह ११ भारतीय भाषांमधून बीटेक शिकवायची परवानगी दिली. पुस्तकं आणि त्या भाषेत शिकवायची तयारी असलेले शिक्षक हवेत, म्हणजे प्रश्न फिरून पदांवरच येतो.

मान्यता आणि ॲक्रेडिटेशन

या दोन गोष्टींची गल्लत फार होते. मान्यता म्हणजे सुरू करायची परवानगी, ॲक्रेडिटेशन म्हणजे चालू कोर्स चांगला चाललाय याची पावती. ती एनबीए (नॅशनल बोर्ड ऑफ ॲक्रेडिटेशन) देतं, जे १९९४ मध्ये एआयसीटीईने सुरू केलं, २०१० मध्ये स्वायत्त झालं आणि २०१४ मध्ये भारत त्याच्यामार्फत वॉशिंग्टन अकॉर्डचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या डिग्र्या एकमेकांच्या देशात मानण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, कायम सदस्य झाला. एनबीए संस्थेला नाही तर एकेका कोर्सला तपासतं आणि त्यासाठी आधी बॅचेस बाहेर पडलेल्या असाव्या लागतात, त्यामुळे नव्या ब्रांचला सुरुवातीची काही वर्षं एनबीए नसणं हा दोष नाही. पण कॉलेजच्या जुन्या ब्रांचचं एनबीए दाखवून नवी ब्रांचही तशीच आहे असं कुणी सांगत असेल तर ते चूक आहे.

ॲडमिशन आणि बंद करणं

मान्य झालेला इनटेक वेळेत कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, यादीत यावा लागतो, डिग्रीचं सीईटी सेल बघतो आणि दहावीनंतरच्या डिप्लोमाचं तंत्रशिक्षण संचालनालय. पत्र उशिरा आलं तर ब्रांच पहिल्या राउंडला दिसतच नाही, चांगल्या मार्कांची मुलं दुसरीकडे जातात आणि पहिल्याच वर्षी जागा रिकाम्या राहतात. ॲडमिशन घेताना पालकांनी चालू वर्षाचं ईओए पत्र मागून बघावं, त्यात ब्रांचचं नाव आणि इनटेक लिहिलेला असतो, आणि त्या ब्रांचमध्ये कायम शिक्षक किती हे सरळ विचारावं, सरकारी कॉलेजात हे विचारायला संकोच वाटायचं काही कारण नाही.

कोर्स बंद करतानाही परवानगी लागते, युनिव्हर्सिटी किंवा मंडळाची आणि राज्य सरकारची ना हरकत घेऊन. एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने करायचा असेल तर पहिल्या वर्षाची ॲडमिशन थांबवतात आणि आत असलेल्या मुलांना शेवटपर्यंत शिकवायची जबाबदारी संस्थेवरच राहते. डिप्लोमाला ही जबाबदारी किमान दोन वर्षं चालते, डिग्रीला तीन, आणि बॅकलॉग असलेल्यांच्या परीक्षा त्याच्याही पुढे, म्हणून तेवढ्या काळासाठी त्या ब्रांचचे शिक्षक दुसरीकडे हलवता येत नाहीत.