तपासणीच्या टेबलावर चाक कुणाच्या हातात?

"अहो ताई, ढिलं सोडा. दोन मिनिटांचं काम आहे." आतून तपासणी करताना हे वाक्य आपल्याकडच्या दवाखान्यांत रोज ऐकू येतं. बाई अंग चोरते, हात ढकलते, कधी टेबलावर चढायलाच तयार होत नाही. मग बाहेर निरोप जातो, 'पेशंट को-ऑपरेट करत नाही'. आणि घरी कुणीतरी म्हणतंच, डॉक्टरांपुढे कसली लाज?

पुष्कळदा यात लाजेचा काही संबंध नसतो. कुणावर लैंगिक अत्याचार झालेला असतो, कुणी लहानपणी बेदम मार खाल्लेला असतो, तर कुणाचं बाळंतपणच शिव्या आणि चापट्या खात उरकलेलं असतं. अशा माणसाला आडवं झोपणं, वरून कुणीतरी वाकणं, कपडे बाजूला सारले जाणं हे सगळं ओळखीचं असतं. पुरुषही यातून सुटलेले नाहीत. कुणाला दातांच्या डॉक्टरांची खुर्ची सहन होत नाही, कुणाला एमआरआयचा बोगदा.

मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग धोक्याची खूण ओळखतो. तो अचूकतेपेक्षा वेगाला महत्त्व देतो, त्यामुळे वास, स्पर्श किंवा आवाज थोडासा जुळला तरी पुरतो. 'हे आत्ताचं आहे, दवाखान्यातलं आहे' हा स्थळकाळाचा संदर्भ जोडायचं काम हिप्पोकॅम्पस या मेंदूच्याच दुसऱ्या भागाचं. पण तो जोडला जाईपर्यंत छाती धडधडायला लागलेली असते. कधी शरीर लढतही नाही, पळतही नाही, जागच्या जागी थिजतं. तोंडातून शब्द फुटत नाही, आणि डॉक्टरांना वाटतं, पेशंट शांत आहे, चला पुढे. अशी थिजलेली, हाका मारूनही न बोलणारी मुलगी 'बाहेरचं आहे' म्हणून देवऋष्याकडे नेणारी घरं आजही आहेत. तिथे तिला पुन्हा धरून ठेवतात, कधी मारतातही. ज्या गोष्टीने ती मोडली, तीच गोष्ट उपाय म्हणून तिच्यावर लादली जाते. हा निव्वळ छळ आहे.

आता ज्या प्रयोगासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. दोन उंदीर घ्या. दोघांच्या शेपटीला विजेचा सौम्य झटका बसतो, एकाच वेळी, एकाच ताकदीचा. पहिल्या उंदरासमोर एक चाक आहे. त्याने ते फिरवलं की दोघांचाही झटका थांबतो. दुसऱ्याच्या चाकाला काही अर्थ नाही. म्हणजे दोघांच्या वाट्याला आलेली वेदना सेकंदासेकंदाला सारखी. तरीही नंतर दुसरा उंदीर बुजरा होतो, जास्त घाबरतो, सुटकेची वाट समोर असूनही ती धड शिकत नाही. पहिला जवळजवळ पूर्वीसारखाच राहतो.

असे प्रयोग १९६७ साली मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर केले होते. तेव्हा त्यांचा निष्कर्ष असा होता की प्राणी असहायता 'शिकतो'. पुढे मायर यांनी मेंदूच्या आत काय चालतं ते शोधायला घेतलं. मेंदूच्या देठात डॉर्सल राफे नावाचा, सेरोटोनिन हे रसायन स्रवणाऱ्या पेशींचा पुंजका आहे. झटके लांबले की तो खवळतो, आणि मागे राहणारा भित्रेपणा तिथून येतो. मात्र प्राण्याच्या हातात काही असेल, तर कपाळामागच्या मेंदूचा आतल्या बाजूचा भाग, मिडियल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, ते ओळखतो आणि खाली राफेला आवरतो. २००५ साली मायर यांच्या गटाने हा भाग औषधाने तात्पुरता बंद ठेवून पाहिला. उंदराने नेहमीप्रमाणे चाक फिरवलं, झटका थांबवलाही, पण नंतर तो अगदी असहाय उंदरासारखा वागला! चाक फिरवणं पुरेसं नव्हतं, 'हे माझ्यामुळे थांबलं' याची नोंद मेंदूत व्हावी लागत होती. शेवटी २०१६ साली दोघांनी मिळून लिहिलं की आपला मूळ सिद्धांत उलटा होता. दीर्घ, असह्य त्रासात हतबल होणं ही मेंदूची जन्मजात प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते नियंत्रण. आणि नियंत्रणाचा एक अनुभव पुढच्या संकटातही संरक्षण देतो, हेही उंदरांमध्ये दिसलेलं आहे.

उंदरावरून माणसाकडे येताना जपून यावं लागतं. तरीही आघातातून गेलेल्या माणसाच्या तपासणीसाठी जाणकार जे सुचवतात, ते याच प्रयोगाच्या दिशेने जातं. आधी ठरवायचं की हात वर केला की डॉक्टर थांबणार, आणि खरोखर थांबायचं. सुरुवातीला एकदा उगाचच हात वर करून पाहावा, म्हणजे चाक चालतं हे मेंदूला कळतं. थिजलेल्या माणसाचा हातही उठत नाही, म्हणून डॉक्टरांनी प्रत्येक पायरीला "पुढे जाऊ का?" विचारावं आणि उत्तर आलं नाही तर त्याचा अर्थ 'नाही' असाच घ्यावा. स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्ग उघडा धरणारं साधन, पेशंटला स्वतःच्या हाताने आत सरकवू देणारे डॉक्टरही आहेत. पेशंटने आपली सगळी कहाणी सांगायची काहीच गरज नाही. "मला अशा तपासणीचा त्रास होतो, प्रत्येक गोष्ट आधी सांगून करा, आणि मी हात वर केला की थांबा," एवढं पुरे. बोलवत नसेल तर कागदावर लिहून न्यावं. 'दोन मिनिटांत ट्रॉमा शरीराबाहेर काढा' म्हणणाऱ्या रील्सपेक्षा हा कागद कितीतरी जास्त उपयोगी आहे.

अत्याचारानंतरच्या वैद्यकीय तपासणीत तर हा हक्कच आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पीडित व्यक्ती पूर्ण तपासणीला किंवा तिच्या कुठल्याही भागाला नकार देऊ शकते, आणि नकार दिला म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. टू-फिंगर टेस्ट, म्हणजे योनीत दोन बोटं घालून केलेली तपासणी, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच चुकीची ठरवली, आणि ती करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल असं २०२२ मध्ये बजावलं.

काही वेळा टेबलच टाळता येतं. भारतात दरवर्षी सुमारे सव्वा लाख स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे १ लाख ३० हजार स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ साली आले. ज्या गटाची एकदाच एचपीव्ही चाचणी, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची चाचणी, केली होती, त्यात या कर्करोगाचे मृत्यू चाचणी न झालेल्या गटाच्या मानाने जवळपास निम्मे होते. या चाचणीचा नमुना स्त्रीला स्वतः, पडद्याआड, काडीला लावलेल्या कापसाने घेता येतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही ही पद्धत मान्य केली आहे. तपासणीच्या भीतीने वर्षानुवर्षं दवाखाना टाळणाऱ्या बाईने डॉक्टरांना थेट विचारावं, "नमुना मी स्वतः घेतला तर चालेल का?" विषाणू सापडला तर पुढची तपासणी डॉक्टरांकडूनच करून घ्यावी लागते, तेव्हा सोबत कोण येणार आणि थांबायची खूण कोणती, हे रिपोर्ट यायच्या आधीच ठरवून ठेवावं.