फळा

फळा : वर्गातील सर्वांना एकाच वेळी दिसेल असा उभा केलेला, खडूने लिहिता येणारा व पुसता येणारा सपाट पृष्ठभाग. लाकडी तक्ता, गिलावा करून काळा रंग दिलेली भिंत, पाटीचा दगड, घासलेली काच किंवा मुलामा दिलेला पोलादी पत्रा यांपैकी कशाचाही फळा होतो. तो काळाच असतो असेही नाही. पाटी विद्यार्थ्याची आणि फळा शिक्षकाचा हा मराठी शाळांतला रूढ भेद प्रस्तुत नोंदीत पाळला आहे. इतिहासलेखनात तो नेहमी पाळला गेलेला नाही, आणि फळ्याच्या उगमाविषयीचा बराचसा वाद या सरमिसळीतूनच उद्‌भवला आहे.

व्युत्पत्ती व पूर्वपीठिका : ‘फळा’ हा शब्द संस्कृत ‘फलक’वरून आला; ‘फळी’ हे त्याचेच भावंड. लेखनाच्या फलकाचा एक ठळक उल्लेख ‘ललितविस्तर’ या बौद्ध ग्रंथात आहे. बाल सिद्धार्थ लिपिशाळेत चंदनाचा लिपिफलक घेऊन बसतो, असे वर्णन त्यात येते. ग्रंथाचे आजचे रूप सर्वसाधारणपणे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आसपासचे मानतात. ‘पाटी’ हा शब्द मात्र मूळ संस्कृत नसून लोकभाषेतून सातव्या शतकाच्या सुमारास संस्कृतात शिरला असावा, असे गणितेतिहासकार बिभूतिभूषण दत्त व अवधेश नारायण सिंह यांचे मत आहे. ते ग्राह्य वाटते, कारण जुने संस्कृत शब्द ‘फलक’ व ‘पट्ट’ हेच होत. अंकगणिताला ‘पाटीगणित’ आणि ‘धूलिकर्म’ ही नावे पडली ती आकडेमोड फळीवर किंवा तीवर पसरलेल्या धुळीत करीत म्हणून.

अरबीतही हिंदू पद्धतीच्या आकडेमोडीला ‘तख्ताचा हिशेब’ आणि ‘गुबाराचा (धुळीचा) हिशेब’ म्हणत. भारतीय संज्ञांची ही भाषांतरे असावीत असा तर्क आहे. दमास्कस येथे ९५२-५३ च्या सुमारास लिहिणाऱ्या अल् उक्‌लीदिसीने धूळपाटी सोडून कागद व शाई वापरण्याचा आग्रह धरला. धूळपाटी घेऊन बसलेला गणिती रस्त्यावरच्या ज्योतिष्यासारखा दिसतो, हे त्याने दिलेल्या कारणांपैकी एक होते. मात्र धूळपाटी केवळ भारताचीच, असे म्हणता येत नाही. ग्रीक ‘अबॅक्स’ (हिशेबाची फळी) हा शब्द ‘धूळ’ या अर्थाच्या सेमिटिक शब्दावरून आला असावा, असे काही भाषाभ्यासक मानतात. ही व्युत्पत्ती सर्वमान्य नसली, तरी भूमध्य समुद्राभोवतीही धूळ पसरलेल्या फळ्या वापरात होत्या.

फळ्याचे श्रेय भारताला देणारे लेखक मध्य आशियातील विद्वान अल् बीरूनीचा हवाला देतात. १०३० च्या सुमारास लिहिलेल्या भारतवर्णनात तो सांगतो, की इथल्या शाळांत मुले काळ्या पाट्या वापरतात आणि त्यांवर पांढऱ्या पदार्थाने, पाटीच्या लांबीच्या दिशेने, डावीकडून उजवीकडे लिहितात. काळ्यावर पांढरे लिहिण्याचा हा स्पष्ट व जुना पुरावा आहे, याबद्दल दुमत नाही. पण बीरूनी सांगतो ती मुलांची पाटी होय. सगळ्या वर्गासमोर उभा केलेला फळा त्यातून निघत नाही.

महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळेत अक्षरओळख धूळपाटीवर होई. फळीवर बारीक माती किंवा विटेची भुकटी पसरायची, पंतोजींनी किंवा थोरल्या मुलाने धाकट्याचे बोट धरून अक्षर गिरवून घ्यायचे, फळी हलवली की पाटी कोरी. ‘धुळाक्षर’ हा शब्द त्यातूनच आला. आरंभ ‘ओनामासीधं’ने, म्हणजे ‘ॐ नमः सिद्धम्’ने होई आणि त्यावरूनच कोणत्याही कामाच्या सुरुवातीला ओनामा म्हणू लागले. (ही वंदना मुळात जैन परंपरेतली की कातंत्र व्याकरणाच्या आरंभसूत्राशी जोडलेली, याविषयी मतभेद आहेत.) इटालियन प्रवासी पिएत्रो देला व्हाल्ले याने १६२३ मध्ये कर्नाटकातील इक्केरी येथे देवळाच्या ओसरीत मुले जमिनीवरच्या वाळूत बोटाने आकडे काढीत आणि एका सुरात म्हणत शिकताना पाहिली होती. लिहिण्याबरोबर मोठ्याने म्हणण्याची ही रीत पाढ्यांच्या रूपाने आपल्याकडे अजून टिकून आहे.

उगमाचा वाद : वाळूतले हे लेखन युरोपात गेले ते मद्रासमार्गे. अँड्र्यू बेल हे स्कॉटिश धर्मोपदेशक १७८९ मध्ये मद्रासच्या एग्मोर भागातील लष्करी अनाथाश्रमाचे अधीक्षक झाले. गावठी शाळेत मुले वाळूत अक्षरे काढताना त्यांनी पाहिली आणि आपल्या शाळेतही तीच पद्धत आणायचे ठरवले. पगारी शिक्षक राजी होईनात, तेव्हा आठ वर्षांच्या एका विद्यार्थ्यावरच त्यांनी खालचा वर्ग सोपवला. मुलांनी मुलांना शिकवण्याच्या या पद्धतीचा वृत्तांत १७९७ मध्ये लंडनला छापला गेला. पुढे इंग्लिश शिक्षक जोसेफ लँकेस्टर यांच्या शाळांतूनही वाळूचे तबक व दगडी पाटी सर्वत्र पसरली. बेल यांच्यावरचे मद्रासचे ऋण इंग्लंडमध्ये ‘मद्रास पद्धती’ या नावातच नोंदले गेले, हे विशेष. तरीही तबक आणि पाटी ही साधने एकेका मुलापुढची होती.

शिक्षकाने सर्वांसमोर लिहायचा फळा कोणाचा, याची उत्तरे निरनिराळी दिली जातात. ब्रिटिश परंपरा श्रेय जेम्स पिलन्स यांना देते. १८१० ते १८२० या काळात एडिंबरोच्या हायस्कुलाचे प्रमुख असताना मोठ्या काळ्या फळ्यावर रंगीत खडूंनी नकाशे काढून ते भूगोल शिकवीत. अमेरिकन परंपरा वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेत १८०१ मध्ये गणित शिकवणाऱ्या जॉर्ज बॅरन यांच्याकडे बोट दाखवते, म्हणजे पिलन्स यांच्या आधी. त्याच ठिकाणी १८१६ नंतर फ्रान्सहून आलेले क्लॉड क्रोझे यांनी वर्णनात्मक भूमिती शिकवताना फळा अपरिहार्य करून टाकला. त्रिमिती आकृतीची एकेक रेषा डोळ्यांदेखत वाढत गेल्याशिवाय हा विषय समजावणेच कठीण होते.

या दोन्ही दाव्यांना अडचणीत आणणारा पुरावा १६५८ चा आहे. मोराव्हियातील शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस यांच्या मुलांसाठीच्या सचित्र पुस्तकात शाळेचे एक चित्र आहे आणि त्याखालच्या मजकुरात काही गोष्टी मुलांपुढे फळीवर खडूने लिहून दाखवतात, असे म्हटले आहे. त्याअर्थी पिलन्स किंवा बॅरन यांना ‘शोधक’ म्हणणे टिकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बदलली ती वर्गाची मांडणी. पूर्वी एकेक मूल उठून शिक्षकापाशी जाई व धडा म्हणून दाखवी. आता एका इयत्तेची सगळी मुले एकाच दिशेला तोंड करून बसू लागली, आणि अशा वर्गाला सामाईक पाटी लागते. फळा हा शोध नसून या बैठकीचा परिणाम होय, हे मत अधिक पटण्याजोगे आहे.

नव्या साधनाला विरोधही झाला. येल महाविद्यालयात १८३० मध्ये शंकुच्छेद या भूमितीतल्या विषयाच्या परीक्षेत विद्यार्थ्यांनी पुस्तकातली आकृती समोर न ठेवता फळ्यावर स्वतः काढावी, असा नियम झाला. विद्यार्थ्यांनी नकार दिला आणि चाळिसांवर जणांना काढून टाकण्यात आले.

रचना व साहित्य : ग्रामीण महाराष्ट्रात दीर्घकाळ दोनच प्रकार होते, घोडीवर टेकवलेला लाकडी फळा आणि भिंतीवरचा सिमेंटचा फळा. दोन्ही वर्षातून एकदा तरी काळे करावे लागत. कोळशाची पूड पाल्याच्या रसात कालवून चोळणे हा जुना उपाय. विजेरीच्या वाया गेलेल्या सेलमधली काळी भुकटीही मुले गोळा करून आणीत. गुळगुळीतपणा जास्त झाला तर खडू घसरतो व खिडकीचा उजेड चकाकतो. खडबडीतपणा जास्त झाला तर खडू झिजतो आणि पुसलेले मागे उरते. चांगला फळा या दोहोंच्या मधला. घासलेल्या काचेला मागून हिरवा रंग दिलेला फळा आणि मुलामा दिलेल्या पत्र्याचा फळा हे या अडचणीवरचे पुढचे उपाय होत. हिरवा रंग विसाव्या शतकाच्या मध्यापासून पसरला, चकाकी कमी होते या कारणास्तव.

दगडी पाट्यांसाठी आंध्र प्रदेशातील मार्कापूरचा दगड प्रसिद्ध आहे. पाटीवरच्या पेन्सिली मध्य प्रदेशातील मंदसौर येथे बनतात. दगड कापताना उडणाऱ्या धुळीने तेथील कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसाचा रोग मोठ्या प्रमाणात जडल्याचे वैद्यकीय पाहण्यांत दिसून आले आहे. मुलाच्या हातातल्या एवढ्याशा कांडीची ही बाजू शिक्षणविषयक ग्रंथांत सहसा येत नाही.

खडू या शब्दाचा मूळ अर्थ चुनखडीच्या जातीचा मऊ दगड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, असा आहे. आपल्या शाळांतला साधा खडू बहुधा त्याचा नसतो; तो जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा असतो. जिप्सम तापवून त्यातले बरेचसे पाणी घालवले की प्लॅस्टर ऑफ पॅरिस मिळते. ते पाण्यात कालवून तेल लावलेल्या साच्यात ओतले, की काही मिनिटांत पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसते. कांड्या उन्हात वाळवल्या की खडू तयार. भांडवल थोडे लागत असल्यामुळे हा अनेक ठिकाणी घरगुती उद्योग आहे. धूळ न उडणाऱ्या खडूत मात्र कॅल्शियम कार्बोनेट व बांधून ठेवणारा चिकट पदार्थ असतो. त्याचे कण जड असल्याने हवेत न तरंगता खाली पडतात. फळ्यावर खडू किंचाळतो तो पृष्ठभागाला क्षणभर चिकटून सुटतो, पुन्हा चिकटतो आणि अशी थरथर अतिजलद चालते म्हणून. कांडी आखूड असली आणि तिरकी धरली तर आवाज टळतो. अनुभवी शिक्षक नवा खडू हातात घेताच मोडून अर्धा करतात, ते यामुळेच.

वापर : अध्यापक विद्यालयांत ‘फळालेखन’ हे स्वतंत्र कौशल्य म्हणून शिकवतात व तपासतात. वरच्या ओळीत वार, दिनांक, इयत्ता, विषय व घटक. एका कोपऱ्यात पट आणि हजर. माथ्यावर सुविचार, ही मांडणी राज्यभर जवळजवळ एकसारखी आढळते. फळ्याचे खरे बळ लिहिण्याच्या संथपणात आहे. ८४ ला ६ ने भागताना शिक्षक एक पायरी लिहून थांबतो, आठात सहा एकदा, उरले दोन; मग वर्गाला विचारतो, ‘आता वरचा कोणता अंक खाली घ्यायचा?’ चार खाली येतात, चोवीस होतात, भाग चारदा जातो. उत्तर १४ आले तरी सगळ्या पायऱ्या समोर असतात आणि चुकलेल्या मुलाला आपण कुठे चुकलो ते बोट ठेवून दाखवता येते. एकदम उमटणाऱ्या तयार चित्रात हे साधत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला (१९८६) अनुसरून १९८७-८८ मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय योजनेला मराठीत ‘खडू-फळा मोहीम’ हे नाव पडले. तिचा आवाका फळ्यापुरता नव्हता. प्रत्येक प्राथमिक शाळेला सर्व ऋतूंत वापरता येतील अशा किमान दोन खोल्या, किमान दोन शिक्षक (त्यांपैकी शक्यतो एक स्त्री) आणि फळा, नकाशे, तक्ते, खेळणी, गणित व विज्ञान साहित्याच्या पेट्या देणे, असे तिचे स्वरूप होते. पेट्या पोहोचल्या, पण साहित्य मोडेल-हरवेल या धास्तीने आणि प्रशिक्षणाअभावी त्या अनेक शाळांत कपाटातच राहिल्या.

स्वस्त व स्थानिक साहित्याची दुसरी परंपरा याहून जुनी आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि माँटेसरी पद्धतीची महागडी साधने शंखशिंपले, बिया, पाने, काड्या यांच्या रूपाने अंगणात आणली. अलीकडे सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील (शाळांच्या प्रशासकीय गटातील) शाळांनी वर्गाची फरशीच रंगवून तिचा फळा केला. मण्यांच्या माळा, खडे, काड्यांचे दहा-दहांचे गठ्ठे घेऊन मुले त्याभोवती बसतात. येथे लिहिण्याची जागा पुन्हा जमिनीवर आली, ही नोंदण्याजोगी बाब होय.

विद्युत् साधने : पुण्यातील बालचित्रवाणी ही संस्था १९८४ पासून दूरचित्रवाणीसाठी शालेय कार्यक्रम तयार करू लागली. कोरड्या फडक्याने पुसता येणारा पांढरा फळा आणि १९९१ मध्ये बाजारात आलेला स्पर्शसंवेदी फळा हे टप्पे शहरी शाळांत प्रथम आले. माढा तालुक्यातील परितेवाडीचे जिल्हा परिषद शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापून पाठ ध्वनी व चित्रफितींशी जोडण्याचे त्यांचे काम त्यामागे होते. यात पडदा भिंतीवरून पुन्हा मुलाच्या हातात येतो, म्हणजे वाटचाल फळ्याकडून पाटीकडे होते. प्रक्षेपक असलेल्या वर्गातही बाजूचा काळा फळा सहसा काढत नाहीत. वीज जाते हे एक कारण. तयार चित्रातली एखादी गोष्ट सुटी करून दाखवायला खडू लागतो, हे दुसरे.

जतन : फळ्यावरचे लेखन पुसण्यासाठीच असल्यामुळे मूळ पुरावे अगदी थोडे उरले आहेत. अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथील एका शाळेत २०१५ मध्ये नवे फळे बसवताना जुन्यांच्या मागे १९१७ चे फळे जसेच्या तसे सापडले. त्यांवर रंगीत खडूंची चित्रे, स्वच्छतेचे नियम आणि गुणाकाराचे एक चक्र होते. अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १६ मे १९३१ रोजी ऑक्सफर्ड येथील व्याख्यानात विश्वाच्या प्रसरणाचे गणित मांडलेला फळा तेथील विज्ञानेतिहास संग्रहालयात आहे. त्या वेळी दोन फळे राखून ठेवले होते. दुसरा कोठारात असताना चुकून पुसला गेला.