पट्टी आयर्विन पुलाला, मोजणी पेशीत

"तेल निम्म्यावर आणलं, तरी आकडा वर कसा?" सांगलीच्या मामांनी रक्तातल्या चरबीचा रिपोर्ट माझ्यापुढं धरला. बाहेर पाऊस, आणि त्यांचं अर्धं लक्ष कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या मोजपट्टीला किती फूट पाणी याच्याकडं. 40 ला इशारा, 45 ला धोका, हे इथं पोरासोरांनाही पाठ असतं.

कोलेस्टेरॉलसाठीही शरीरात अशी पट्टी आहे. पण ती नदीत, म्हणजे रक्तात नाही; पेशीच्या आत आहे. सगळी गोम तिथंच.

पेशीतल्या आंतर्द्रव्यजालिकेच्या, म्हणजे आतल्या पडद्यांच्या जाळ्याच्या, पडद्यात स्कॅप नावाचं प्रथिन बसलेलं असतं. त्या पडद्यातल्या मेदरेणूंत कोलेस्टेरॉल साधारण 5 टक्क्यांच्या वर असलं, की इन्सिग नावाचं दुसरं प्रथिन स्कॅपला जागेवरच धरून ठेवतं. पातळी त्याखाली घसरली की पकड सुटते. मग स्कॅप आपल्या जोडीदाराला, एसआरईबीपी नावाच्या प्रथिनाला, पेशीतल्याच गॉल्गी संकुल नावाच्या भागात नेतं. तिथं दोन विकरं (एन्झाइम) त्याला एकामागून एक कापतात आणि सुटलेला तुकडा थेट केंद्रकात शिरून जनुकांना कामाला लावतो. पेशी घरी कोलेस्टेरॉल बनवू लागते, शिवाय दाराशी एलडीएल, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहणारे कण, पकडणारे ग्राही वाढवून रक्तातला मालही आत ओढते. या ग्राहींचा शोध लावणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना 1985 चं नोबेल मिळालं.

कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी या पट्टीचाच फायदा घेते. कोलेस्टेरॉल बनवण्यातलं एक मुख्य विकर ती अडवते, त्यामुळं यकृताच्या पेशीत माण-खटावसारखा दुष्काळ पडतो. घाबरलेली पेशी ग्राही वाढवते आणि रक्तातलं एलडीएल उतरतं. जपानच्या अकिरा एन्डो यांना असं पहिलं रसायन सापडलं ते एका बुरशीत!

मामांचा वाढलेला आकडा मात्र ट्रायग्लिसराइडचा, म्हणजे मेदाम्लांपासून बनणाऱ्या दुसऱ्या चरबीचा होता. तिथं एसआरईबीपीचा दुसरा प्रकार मुख्य, आणि तो इन्सुलिनचं ऐकतो. गोड पोटात गेलं, इन्सुलिन वाढलं, की यकृत जास्तीच्या साखरेपासून मेदाम्लं बनवायला घेतं. त्याला तेलाचा थेंबही लागत नाही. मी साताऱ्याहून आणलेल्या कंदी पेढ्यांचा बॉक्स टेबलावर उघडाच होता, हे सांगताना मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

मधुमेहाकडं झुकलेल्या माणसात तर आणखी विचित्र घडतं. "साखर बनवू नको" हा इन्सुलिनचा हुकूम यकृत कानाआड करतं, "चरबी बनव" हा मात्र इमानेइतबारे पाळतं.