उपमापक (सबमीटर)

वीजपुरवठादाराच्या मुख्य मीटरमागे घरमालकाने बसवलेला, भाडेकरूचा वीजवापर वेगळा मोजणारा खाजगी मीटर. व्यवहारात ‘सबमीटर’ हाच शब्द रूढ आहे. त्याचे रीडिंग घरमालक घेतो आणि हिशेबही तोच करतो. महावितरण, बेस्ट आदी पुरवठादारांच्या लेखी ग्राहक एकच, मुख्य मीटर ज्याच्या नावावर असेल तो.

उपकरण : जुने उपमापक फिरत्या तबकडीचे, म्हणजे प्रवर्तन (इंडक्शन) पद्धतीचे असत. या मीटरचे जनकत्व वादग्रस्त आहे. तबकडी ज्यावर फिरते ते फिरत्या चुंबकीय क्षेत्राचे तत्त्व इटालियन भौतिकशास्त्रज्ञ गॅलिलिओ फेरारिस यांनी १८८५ च्या सुमारास प्रयोगाने दाखवले. वेस्टिंगहाउस या अमेरिकी कंपनीतील ऑलिव्हर शॅलेनबर्गर यांचा मीटर १८८८ चा, तर बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातील ओट्टो ब्लाथी यांचे पेटंट १८८९ चे. काळाने शॅलेनबर्गर आधीचे असले, तरी त्यांचा मीटर अँपिअर-तास (केवळ विद्युतप्रवाह) मोजी, ब्लाथींचा वॉट-तास (ऊर्जा). बिल ऊर्जेचे होते, हे ध्यानी घेता ब्लाथींकडे झुकणारे मत अधिक ग्राह्य वाटते. आजच्या इलेक्ट्रॉनिक उपमापकात तबकडीच्या जागी लुकलुकणारा लाल दिवा असतो. मीटरवर ‘३२००’ असा स्थिरांक छापला असल्यास ३,२०० लुकलुकांचे एक युनिट (१,००० वॉटचा एक तास वापर) होते. १,००० वॉटची शेगडी एकटीच चालू ठेवली तर मिनिटाला सुमारे ५३ लुकलुका मोजता याव्यात. घरच्या घरी करता येणारी ही पडताळणी प्रत्येक भाडेकरूने करून पाहावी.

आकारणी : वाद रीडिंगचा क्वचित, दराचा बहुधा असतो. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत : १००, ३०० व ५०० युनिटांना टप्पा बदलतो आणि वरच्या टप्प्यातील युनिटे महाग पडतात. समजा मालकाचा वापर १८० युनिटे आणि दोन भाडेकरूंचा प्रत्येकी ९०. मुख्य मीटरवर ३६० युनिटे पडतात, म्हणजे शेवटची ६० तिसऱ्या टप्प्यात. स्वतंत्र मीटर असता तर दोन्ही भाडेकरू पहिल्याच टप्प्यात राहिले असते आणि मालक दुसऱ्यात. तिसरा टप्पा केवळ बेरजेतून उद्भवला. एका पद्धतीत एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून सरासरी दर काढतात. दुसरीत प्रत्येकाला स्वतंत्र ग्राहक मानून टप्पे लावतात; तूट मालक सोसतो. स्वतंत्र जोडणी मिळण्याजोगी असून मालकाने घेतली नसेल, तर दुसरी पद्धत न्याय्य. एरवी पहिली चालावी, मात्र स्थिर आकार (वापरावर अवलंबून नसलेली ठरावीक रक्कम) घरटी समान वाटावा आणि मूळ बिल भाडेकरूला दाखवावे. वहन आकार (वीज वाहून आणण्याचा), इंधन समायोजन आकार (इंधनखर्चातील फरकाचा) व १६ टक्के वीज शुल्क वापराबरोबर वाढतात, म्हणून ते युनिटांप्रमाणेच वाटणे योग्य. सरसकट ‘युनिटमागे अमुक रुपये’ हा ठोक दर सर्वांत प्रचलित आणि सर्वांत सदोष होय. जिन्यातला दिवा व पाण्याचा पंप यांची युनिटे कोणाच्याच उपमापकात येत नाहीत. करारात त्यांचा उल्लेख हवा.

कायदा : विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२ नुसार परवान्याविना वीजवितरण वा वीजव्यापार करता येत नाही. नफा न घेता केलेली खर्चाची वाटणी ही विक्री नव्हे, असे मानणे सयुक्तिक दिसते; चढ्या दराबाबत तसे म्हणता येत नाही. ब्रिटनमध्ये २००३ पासून मालकाने स्वतः भरलेल्या दराहून अधिक दराने वीज वा गॅस देण्यास मनाई आहे. बिलाचा वाद झाला म्हणून भाडेकरूची वीज तोडण्याची वाट मालकाला मोकळी नाही : महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम २९ अत्यावश्यक पुरवठा रोखण्यास प्रतिबंध करते. १९४७ च्या मुंबई भाडे अधिनियमात कलम २४ याच आशयाचे होते.

पाणी : घरटी पाणीमीटर विरळा. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पाणीपट्टी प्रत्येक सदनिकेतील नळजोडांची संख्या व आकार यांवरून वाटली जाते, वापरावरून नव्हे. नळाने येणाऱ्या गॅसला घरटी मीटर असल्याने हा प्रश्न सहसा येत नाही.